परीक्षकाचं काम स्पर्धेच्या आधी संपतं

कोडिंग स्पर्धेच्या दिवशी परीक्षकांना खल करत बसावं लागलं, तर ती स्पर्धा आधीच कुठेतरी बिघडलेली असते, असं माझं ठाम मत आहे. मी आधी विद्यार्थी म्हणून या स्पर्धा खेळले आणि आता काही वर्षं विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी प्रश्न काढते, टेस्ट डेटा (स्पर्धकांचे प्रोग्रॅम तपासायचं इनपुट आणि त्याची बरोबर उत्तरं) बनवते आणि त्या दिवशी जजच्या खोलीत बसते. ज्या स्पर्धा चांगल्या पार पडल्या, त्यांत ती खोली शांत होती. ज्या बिघडल्या, त्यांत दुपारनंतर त्याच खोलीत दार लावून चर्चा सुरू झाली होती.

यंदा नियमावली नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. नियम दोन पानांत मावतील, पण तो नियम तसाच का, हे त्या दोन पानांत मावत नाही. म्हणून इथे लिहितेय.

मूळ साचा आम्ही आयसीपीसी या विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय प्रोग्रॅमिंग स्पर्धेचाच ठेवतो. १९७० मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठात सुरू झालेली ही स्पर्धा १९७७ पासून अंतिम फेरीसह होऊ लागली, आणि जगभरातल्या विद्यापीठांच्या स्पर्धा आज बहुतेक तिच्याच वळणाने जातात. एका संघात तीन विद्यार्थी, तिघांत मिळून एक कॉम्प्युटर, वेळ पाच तास. दरवर्षी कोणीतरी सुचवतं की आता लॅबमध्ये मशीन भरपूर आहेत, तर प्रत्येकाला एकेक द्या. मी याला कायम विरोध केला आहे. तिघांना तीन मशीन दिली की ते तीन स्पर्धक होतात. एक मशीन दिलं की ते संघ होतात. एकजण टाइप करत असताना दुसऱ्याला पुढचा प्रश्न कागदावर सोडवावा लागतो, आणि ज्याचं सबमिशन, म्हणजे तपासायला पाठवलेला कोड, रॉंग आन्सर असा शेरा येऊन परत आलं त्याला खुर्ची सोडून, कोडची प्रिंट घेऊन बाजूला बसून चूक शोधावी लागते. कीबोर्डपासून लांब बसून स्वतःचा कोड वाचणं हे मी या स्पर्धेतच शिकले, आणि पुढे नोकरीत त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

गुणांकनही तिथलंच. जो संघ जास्त प्रश्न सोडवेल तो वर. प्रश्न सारखेच सुटले असतील तर ज्याचा एकूण वेळ कमी तो वर. प्रत्येक सुटलेल्या प्रश्नाला, स्पर्धा सुरू झाल्यापासून तो सुटेपर्यंतची मिनिटं मोजायची आणि त्याआधीच्या प्रत्येक चुकीच्या सबमिशनला २० मिनिटं वाढवायची. न सुटलेल्या प्रश्नावर कितीही वेळा चुकलात तरी त्याचा दंड नाही. समजा एका संघाचे चार प्रश्न १५, ४८, ११० आणि २०० व्या मिनिटाला सुटले आणि तिसऱ्यावर दोनदा रॉंग आन्सर आलं, तर त्यांचे ३७३ अधिक ४०, म्हणजे ४१३ झाले. दुसऱ्या संघाचे चार ३०, ७०, १२० आणि १८० ला, एकही चूक न करता, म्हणजे ४००. दुसरा संघ वर. एकूण वेळही सारखा निघाला, तर ज्याचं शेवटचं अचूक सबमिशन आधी आलं तो वर, हे आम्ही लिहूनच ठेवलं आहे. अशी वेळ क्वचित येते, पण आली की ती नेमकी बक्षिसाच्या जागेवरच येते.

त्या २० मिनिटांबद्दल नवे विद्यार्थी फार कुरकुर करतात. मला तो आकडा अगदी योग्य वाटतो. सबमिट करण्याआधी दोन छोटे टेस्ट केस हाताने तपासायला पाच मिनिटं लागतात. दंड पाच मिनिटांचा असता तर कोणीच तपासलं नसतं, सगळ्यांनी जजच्या सर्व्हरलाच विचारलं असतं. दंड तासाभराचा असता तर माहीत असलेलं उत्तरही पाठवायला हात धजला नसता. कंपाइल एररला, म्हणजे कोड चालूच होऊ शकला नाही तर, मात्र आम्ही दंड लावत नाही. सेमिकोलन राहून जाणं ही विचारातली चूक नाही.

इथे एक वाद मी दरवर्षी घालते. एका महाविद्यालयातल्या ज्येष्ठ प्राध्यापकांचा आग्रह होता की निकालात कोडच्या मांडणीला १० गुण असावेत, व्हेरिएबलची नावं नीट आहेत का ते पाहावं, आणि शेवटी तोंडी परीक्षा घ्यावी. हेतू चांगला होता. पण मांडणीला सात द्यायचे की आठ, हे कोण ठरवणार? आणि ज्याने ठरवलं त्याच्याच वर्गातला संघ एका गुणाने पुढे गेला तर उरलेल्या संघांना काय सांगणार? प्रकल्प-स्पर्धेत, हॅकेथॉनमध्ये असं परीक्षण लागतंच, कारण तिथे कल्पना तपासायची असते. तिथे निकष, त्यांचं वजन आणि किमान तीन स्वतंत्र परीक्षक हवेत. पण ज्या स्पर्धेत उत्तर बरोबर आहे की नाही हे मशीन सांगू शकतं, तिथे माणसाचं मत मध्ये आणायची गरज नाही. म्हणूनच आमच्या जजला स्क्रीनवर संघाचा फक्त क्रमांक दिसतो. महाविद्यालयाचं नाव दिसत नाही. आणि ज्याने प्रश्न काढला, त्याने त्या वर्षी कुठल्याही संघाला शिकवायचं नाही.

अर्धवट उत्तराला गुण द्यावेत का, हा प्रश्न जास्त अवघड आहे. शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडमध्ये, जी १९८९ पासून चालू आहे, सबटास्कचे, म्हणजे प्रश्नाच्या सोप्या टप्प्यांचे, गुण मिळतात. छोट्या मर्यादेत चालणारं उत्तर लिहिलं तरी काहीतरी पदरात पडतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी सरावाच्या फेऱ्या घेतो तेव्हा मीही तेच वापरते, कारण पाच तास शून्यावर बसलेला मुलगा पुढच्या वेळी येत नाही. मुख्य स्पर्धेत मात्र नाही. तिथे शून्यावर कोणी राहू नये याची जबाबदारी प्रश्न काढणाऱ्याची आहे. यादीत एक प्रश्न असा हवाच की लूप आणि इफ येणाऱ्या प्रत्येकाला तो सुटेल, आणि एक असा हवा की पहिल्या संघालाही कदाचित सुटणार नाही. मधले चढत्या क्रमाने, पण छापताना क्रम मिसळलेला. कुठला सोपा हे ओळखणं हासुद्धा खेळाचा भाग आहे.

आता टेस्ट डेटा. न्याय होतो तो इथे, आणि बाहेरून सगळ्यात कमी दिसतं तेही हेच.

विद्यार्थ्यांना वाटतं की मोठमोठे रँडम आकडे टाकले की डेटा झाला. रँडम डेटा फार दयाळू असतो. उदाहरण घ्या. एक ट्री, म्हणजे वंशावळीसारखी रचना, दिला आहे, त्यातले बिंदू म्हणजे नोड एक लाख, आणि एक लाख प्रश्न विचारले आहेत की या दोन नोडचा सर्वांत जवळचा सामाईक पूर्वज कोणता. भोळं उत्तर म्हणजे दोन्हीकडून एकेक पायरी वर चढत जाणं. प्रत्येक नोडचा पालक आधीच्या नोडमधून रँडम निवडून ट्री बनवला, तर एक लाख नोडच्या ट्रीची उंची तीसच्या आसपास भरते. भोळं उत्तर क्षणात पास होतं. तोच ट्री एका सरळ रेषेत ताणला की उंची एक लाख होते, वर चढायच्या पायऱ्या एक हजार कोटींच्या घरात जातात, आणि कोणत्याही मशीनवर टाइम लिमिट संपतं. रँडम डेटा वापरला असता, तर ज्या संघाने रात्री जागून बायनरी लिफ्टिंग (मोठ्या उड्या मारत वर चढायची पद्धत) शिकलं आणि ज्याने काहीच शिकलं नाही, दोघांना एकच हिरवा शेरा मिळाला असता. वर न शिकलेल्याचा कोड छोटा, म्हणून त्याची मिनिटंही कमी. हा अन्याय कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण ज्याचं बरोबर आहे तो तक्रार करत नाही आणि ज्याचं चूक आहे तो तर मुळीच करत नाही.

म्हणून आमच्याकडे प्रत्येक प्रश्नासोबत चुकीची उत्तरं मुद्दाम लिहिली जातात. एक भोळं, एक ग्रीडी (प्रत्येक पायरीला तेवढ्यापुरतं सर्वांत चांगलं दिसेल ते उचलणारं), एक ३२ बिटच्या इंटिजरमध्ये बेरीज करणारं. एक लाख आकडे, प्रत्येकी शंभर कोटींपर्यंत, म्हणजे बेरीज शंभर लाख कोटींपर्यंत जाते, आणि ३२ बिटचा साधा इंट २१४ कोटींच्या जरा पुढे जाऊन थांबतो. यातली प्रत्येक फाइल कोणत्या शेऱ्याने पडली पाहिजे हे आधी लिहून ठेवायचं. डॉमजज या परीक्षणाच्या सॉफ्टवेअरमध्ये तर अपेक्षित शेरा कोडच्या आतच कमेंटमध्ये लिहिता येतो आणि सिस्टिम तो पडताळून दाखवते. जोवर एखादं चुकीचं उत्तर पास होतंय, तोवर प्रश्न तयार झालेला नाही. किमान दोन जणांनी, एकमेकांचा कोड न बघता, बरोबर उत्तर लिहिलेलं असलं पाहिजे, आणि त्यातलं एक वेगळ्या भाषेत. दोघांची आउटपुट फाइल शेवटच्या ओळीपर्यंत जुळली की मग मला झोप लागते.

त्यात व्हॅलिडेटर येतो. इनपुट फाइल प्रश्नात छापलेल्या मर्यादा पाळते का, हे तपासणारा छोटा प्रोग्रॅम. कंटाळवाणं काम आहे आणि प्रत्येकाला ते टाळावंसं वाटतं. पण विंडोजवर बनवलेली फाइल लिनक्सच्या सर्व्हरवर गेली की ओळीच्या शेवटी एक न दिसणारं कॅरेक्टर उरतं. आकडे वाचणाऱ्याला काही होत नाही, आणि अख्खी ओळ वाचणाऱ्याची स्ट्रिंग एका अक्षराने लांब होते. दोन संघांचं तर्कशास्त्र एकच, एक पास आणि एक नापास. व्हॅलिडेटर असला की हे आदल्या आठवड्यात पकडलं जातं.

एकापेक्षा जास्त बरोबर उत्तरं शक्य असतील तर चेकर, म्हणजे स्पर्धकाचं उत्तर चालेल का हे तपासणारा प्रोग्रॅम, लागतो. अपूर्णांकातलं उत्तर असेल तर किती फरक चालेल ते प्रश्नातच छापायचं, बहुधा दशलक्षांश भागापर्यंत. चेकर लिहायला वापरतात त्या टेस्टलिब या लायब्ररीतली एक गोष्ट मला फार आवडते. स्पर्धकाचं उत्तर परीक्षकाच्या उत्तरापेक्षा चांगलं निघालं, तर चेकर रॉंग आन्सर देत नाही, तो वेगळा शेरा देतो, ज्याचा अर्थ चूक परीक्षकाची. परीक्षकही चुकू शकतो हे ज्या साधनात गृहीत धरलेलं आहे, त्यावर माझा विश्वास बसतो.

टाइम लिमिट किती ठेवायचं? आमचा पाळायचा नियम असा की, सर्वांत हळू चालणाऱ्या बरोबर उत्तराला जितका वेळ लागतो त्याच्या किमान दुप्पट, आणि चुकीच्या कॉम्प्लेक्सिटीचं, म्हणजे इनपुट वाढलं की फार हळू पडणारं, उत्तर त्याच्या कितीतरी पलीकडे पडलं पाहिजे. काठावर काहीच नको. काठावर असलं की एकाच मशीनवर एकदम दोन सबमिशन चालली म्हणून निकाल बदलतो. पायथॉनबद्दल विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगायला हवं. आयसीपीसीच्या अंतिम फेरीतही प्रत्येक प्रश्न पायथॉनमध्ये वेळेत बसेल अशी हमी दिली जात नाही. आम्हीही देत नाही, पण कोणते प्रश्न आम्ही पायथॉनमध्ये सोडवून पाहिले आहेत हे स्पर्धेनंतर जाहीर करतो.

प्रश्नाच्या भाषेबद्दल थोडक्यात: गोष्ट छोटी, मर्यादा पूर्ण. ग्राफ (नोड आणि त्यांना जोडणारे रस्ते) जोडलेला असेल का, दोन नोडमध्ये दोन रस्ते असू शकतात का, रिकामी स्ट्रिंग येऊ शकते का, हे लिहायलाच हवं. स्पर्धा चालू असताना शंका आल्या तर त्या सिस्टिममधूनच यायला हव्यात. उत्तर प्रश्नपत्रिकेत असेल तर “प्रश्न पुन्हा वाचा”, आणि नसेल तर तेच उत्तर त्याच क्षणी सगळ्या संघांना. लॅबमध्ये फिरणाऱ्या स्वयंसेवकांना मी आधीच बजावते, “कोणी विचारलं तर मान हलवूनसुद्धा उत्तर द्यायचं नाही.” समोरची मुलगी रडकुंडीला आलेली असते, शंका साधी असते, उत्तर आपल्याला माहीत असतं. तरीही नाही. पलीकडच्या लॅबमध्ये तीच शंका असलेला संघ बसला आहे आणि त्याच्यापाशी आपला स्वयंसेवक उभा नाही.

आणि इतकं करूनही डेटा चुकलाच तर? मी विद्यार्थी असताना एका स्पर्धेत हे झालं. एका प्रश्नाची उत्तरांची फाइल चुकीची होती. तिसऱ्या तासाला परीक्षकांच्या लक्षात आलं, त्यांनी फाइल बदलली आणि कोणाला काही न सांगता पुढचं परीक्षण चालू ठेवलं. आमचं आणि आणखी काही संघांचं बरोबर उत्तर आधीच नाकारलं गेलं होतं. आम्ही तो प्रश्न सोडून दुसरीकडे गेलो होतो. ज्यांनी उशिरा पाठवलं ते पास झाले. त्या दिवशीचा क्रमांक मला आठवतही नाही, पण आपलं कुठे चुकलं हे शोधण्यात गेलेला तो वेळ लख्ख आठवतो.

आता आमच्या नियमावलीत हे कलम सगळ्यात लांब आहे. चूक कळल्याच्या क्षणी सर्व संघांना जाहीर घोषणा. त्या प्रश्नाची पहिल्यापासूनची सगळी सबमिशन पुन्हा तपासायची, आणि जे बरोबर ठरेल त्याला मूळ सबमिशनचीच वेळ धरायची. चुकीच्या डेटामुळे लागलेला दंड काढून टाकायचा. प्रश्न रद्द करायचा नाही, कारण तो खरोखर सोडवणाऱ्यांचे कष्ट त्यात जातात. गेलेली मिनिटं परत देता येत नाहीत, हे मान्य करायचं आणि स्पर्धकांना तसं सांगायचं. वेळ वाढवून द्यायचा तर सगळ्यांना सारखाच, तोही फक्त वीज किंवा सर्व्हर सगळीकडे बंद पडला तर.

शेवटच्या तासात स्कोअरबोर्ड गोठवतो. स्वतःच्या सबमिशनचा शेरा संघाला कळत राहतो, इतरांचा कळत नाही. प्रेक्षकांसाठी यात उत्कंठा आहे हे खरं, आणि खालच्या क्रमांकापासून एकेक निकाल उघडत जाताना सभागृह कसं डोलतं ते मी पाहिलं आहे. पण मला त्याचं महत्त्व वेगळंच वाटतं. आपण मागे पडलो हे दिसलं नाही, की मुलं शेवटच्या मिनिटापर्यंत लढतात.

नकलेचा मुद्दा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. स्टॅनफर्डचं मॉस हे सॉफ्टवेअर १९९४ पासून कोडमधलं साम्य शोधून देतं, व्हेरिएबलची नावं बदलली तरी. आम्ही ते ऑनलाइन पात्रता फेरीत चालवतो, आणि साम्य दिसलं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं मानत नाही. दोन्ही संघांना वेगवेगळं बोलावून “हा कोड असा का लिहिलात?” इतकंच विचारतो. पण एआयने लिहिलेला कोड कोणाशीच जुळत नाही. २०२५ मध्ये बाकूला झालेल्या आयसीपीसीच्या अंतिम फेरीचे बाराही प्रश्न ओपनएआयच्या मॉडेल्सनी सोडवले, आणि माणसांच्या सर्वोत्तम संघाने अकरा. हे वाचल्यावर घरी बसून दिलेल्या फेरीवरून कोणाला बक्षीस देणं मला योग्य वाटेना. म्हणून यंदा ऑनलाइन फेरी फक्त सरावाची. क्रमांक ठरेल तो लॅबमध्ये, इंटरनेट बंद ठेवून, आणि सोबत फक्त स्वतः छापून आणलेली २५ पानांची वही, जशी अंतिम फेरीत चालते. ती २५ पानं निवडताना काय ठेवायचं आणि काय गाळायचं यावर संघात जी भांडणं होतात, त्यातही बराच अभ्यास होतो.

प्रवासाचा खर्च, लॅबची संख्या, दूरच्या महाविद्यालयांची गैरसोय, हे सगळं मला माहीत आहे. तरीही मी या कलमावर मागे हटणार नाही.

स्पर्धा संपली की त्याच संध्याकाळी प्रश्न, संपूर्ण टेस्ट डेटा आणि परीक्षकांची उत्तरं सगळ्यांसाठी खुली होतील. ज्या संघाला नवव्या टेस्टवर रॉंग आन्सर आलं त्याला ती नववी फाइल उघडून बघता आली पाहिजे. आक्षेपांसाठी दोन दिवस ठेवले आहेत, लेखी, आणि टेस्टच्या क्रमांकासह.

एक विनंती. आम्हाला टेस्टर हवे आहेत. जे यंदा शेवटचं वर्ष संपवत आहेत किंवा ज्यांची पात्रता संपली आहे, त्यांनी माझ्याशी जरूर संपर्क साधा. तुम्हाला फक्त प्रश्न मिळेल, उत्तर मिळणार नाही. वाचताना पहिल्या पाच मिनिटांत जी शंका येईल ती तशीच लिहून पाठवायची, मग सोडवायचं, आणि मग त्याच प्रश्नाचं जितकं पटण्यासारखं चुकीचं उत्तर लिहिता येईल तितकं लिहायचं. सी प्लस प्लसवाले बरेच आले आहेत. जावा आणि पायथॉनमध्ये लिहिणारे कमी पडतायत, आणि टाइम लिमिट त्यांच्याशिवाय ठरवता येत नाही.